पंखा मालकाचा, किल्ली कंपनीची

मोटारीतला पंखा बंद पडला तर तो कोणी उघडावा, हा प्रश्न चळवळीच्या व्यासपीठावर मांडण्याच्या योग्यतेचा नाही, असे म्हणणारे पुष्कळ भेटतील. अवर्षण, कर्जबाजारी शेतकरी, कंत्राटी कामगार असे विषय समोर असताना हीटर आणि ब्लोअर यांची चर्चा करणे म्हणजे मोटारवाल्या मध्यमवर्गाचे चोचले पुरविणे होय, असा आक्षेप निष्ठावंत कार्यकर्तेच घेतात. आक्षेप प्रामाणिक आहे. परंतु तो चुकीच्या समजुतीवर उभा आहे. विकत घेतलेली वस्तू उघडण्याची, समजून घेण्याची आणि दुरुस्त करण्याची मुभा जेथे विकणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहते, तेथे मालकी हा शब्द केवळ पावतीवर उरतो. हा प्रश्न मोटारीचा नाही, सत्तेचा आहे.

शिवाय मोटार ही केवळ धनिकांची वस्तू राहिलेली नाही. गंगापूर तालुक्यातील रस्त्यांवर धावणाऱ्या गाड्यांत दुसऱ्या-तिसऱ्या हाताने घेतलेल्या गाड्या थोड्या नाहीत. त्या लासूर स्टेशनला उतारू पोहोचवितात, वाळूजच्या कारखान्यांकडे कामगार नेतात, छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात रात्री-अपरात्री रोगी घेऊन जातात. अशा गाडीचा पंखा वैशाखात बंद पडला तर मागे बसलेल्या बाळंतिणीचा जीव घाबरा होतो. भर पावसात बंद पडला तर समोरची काच आतून धुरकटते आणि चालकाला रस्ता दिसेनासा होतो. ज्याला कोणी चोचला म्हणतो, तो कित्येकांच्या पोटापाण्याचा आणि जिवाचा प्रश्न असतो.

यंत्रातले गूढ किती?

आता या यंत्रात एवढे गूढ काय आहे, ते पाहावे. साध्या गाडीतील ब्लोअर म्हणजे बॅटरीवर फिरणारी एक लहान मोटर आणि तिच्या टोकाला बसविलेले पंख्याचे चाक. बहुतेक गाड्यांत ते डाव्या बाजूच्या कप्प्यामागे असते. त्याचा वेग कमीजास्त करण्यासाठी तारेच्या वेटोळ्यांचा एक रेझिस्टन्स बसविलेला असतो. पहिल्या वेगात वीज सर्वांत अधिक अडथळ्यातून जाते, शेवटच्या वेगात अडथळा टाळून थेट मोटरला मिळते. म्हणूनच पंखा फक्त शेवटच्या वेगावर चालत असेल, तर मोटर शाबूत असून बहुधा रेझिस्टन्स जळाला आहे, एवढे निदान दहावी शिकलेल्या मुलालाही करता येते. पंखा मुळीच फिरत नसेल तर प्रथम फ्यूज, मग रिले, मग कपलर पाहावा. कपलरपर्यंत वीज येते की नाही हे टेस्ट लॅम्प सांगतो. वीज येत असून मोटर गप्प असेल, तर तिचे कार्बन झिजलेले असण्याचा संभव मोठा.

याच्याही पलीकडची एक गोष्ट जाणता मिस्त्री सांगतो. रेझिस्टन्स गार राहतो तो पंख्याच्याच हवेने. कापसाच्या हंगामातील धूळ, लिंबाचा पाला यांनी केबिन फिल्टर कोंदला, किंवा मोटर जड फिरू लागून अधिक वीज ओढू लागली, की रेझिस्टन्स तापतो आणि त्यातील संरक्षक जोड वितळतो. मूळ कारण न शोधता नुसता नवा रेझिस्टन्स बसविला तर तोही जळणारच. हीटरचे तत्त्व तर याहून सोपे. इंजिनाचे गरम पाणी डॅशबोर्डाच्या पोटातील एका छोट्या रेडिएटरमधून फिरते आणि हाच पंखा त्यावरून हवा सोडतो. जी उष्णता एरवी वाया जायची, तीच कामी येते. गरम हवा येत नसेल तर पाणी कमी झाले असेल, थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल, आतली झडप फिरत नसेल किंवा छोटा रेडिएटर तुंबला असेल. हे सारे ज्ञान एका पानावर मावते. गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत मात्र या पानाच्या जागी बहुधा एकच वाक्य छापलेले असते: अधिकृत केंद्राशी संपर्क साधावा.

मक्तेदारीवर आयोगाचे शिक्कामोर्तब

ही तक्रार केवळ चळवळ्यांची नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 रोजी दिलेल्या निकालात देशातील 14 मोटार कंपन्यांना दोषी ठरविले आणि एकूण सुमारे 2,544 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने स्वतंत्र गॅरेजांना खुलेपणाने मिळू न देणे, आणि त्या जोरावर ग्राहकाला कोंडीत पकडणे, हा त्यांचा अपराध होता. प्रत्येक कंपनी आपल्या गाडीच्या सुट्या भागांच्या बाजारात सर्वसत्ताधीश असते, हे तत्त्व आयोगाने मान्य केले. एकदा गाडी घेतली की ग्राहक बांधला गेला. दुसऱ्या कंपनीचा भाग त्याला चालत नाही आणि गाडी फेकून देणे त्याला परवडत नाही. भाग व साधने खुल्या बाजारात द्यावीत, स्वतंत्र मिस्त्रीकडून दुरुस्ती केली एवढ्याच कारणासाठी सरसकट हमी रद्द होईल अशी अट घालू नये, असेही आदेश आयोगाने दिले.

पुढे काय झाले? कंपन्या अपिलांत गेल्या आणि वर्षे उलटत राहिली. जुलै 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने ही क्षेत्रे तिच्यापुढे ठेवली. 24 डिसेंबर 2022 रोजी एक संकेतस्थळही उघडण्यात आले. परंतु संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे. कंपनीने स्वखुशीने जेवढे सांगावे तेवढेच ग्राहकाने वाचावे, हा हक्क नसून उपकार आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात 2012 साली मतदारांनी प्रचंड बहुमताने मोटारदुरुस्तीच्या हक्काच्या बाजूने कौल दिला. भांडवलशाहीच्या माहेरघरी जे मागता येते, ते समाजवादाचे नाव घटनेच्या उद्देशिकेत लिहिणाऱ्या देशात का मागता येऊ नये?

सुरक्षिततेची ढाल

कंपन्यांचा ठरलेला बचाव सुरक्षिततेचा आहे. अडाणी हातांत अवजार गेले तर अपघात होतील, असे त्या सांगतात. धोका आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडणाऱ्याचे तोंड भाजते. डॅशबोर्डाजवळ एअरबॅगच्या तारा असतात. वातानुकूलनातील वायूशी घरी खेळू नये. विजेच्या मोटारीतील नारिंगी केबलला प्रशिक्षणाशिवाय हात लावणे प्राणावर बेतू शकते. परंतु या धोक्यांवर उपाय कोणता? माहिती देणे की माहिती दडविणे? बॅटरीची ऋण बाजूची तार आधी सोडवा, हे एक वाक्य पुस्तिकेत छापायला किती शाई लागते? फ्यूज वारंवार जळतो म्हणून कोणी त्याजागी जाड तार गुंडाळतो आणि मग वायरिंग पेट घेते, त्याचे मूळ अज्ञानात असते, दुरुस्तीत नव्हे. ज्ञान कोंडून ठेवायचे आणि मग अज्ञानाकडे बोट दाखवून कुलूप अधिक घट्ट करायचे, ही चाल या देशाला नवी नाही. विद्येवर कोणाचा अधिकार, हा वाद महाराष्ट्राने महात्मा फुल्यांच्या काळापासून लढविला आहे. त्या कुलपाची किल्ली पूर्वी पोथीवाल्याकडे होती, आज ती कंपनीकडे आहे.

यातील विसंगती गंगापूर तालुक्याइतकी इतरत्र क्वचितच डोळ्यांत भरेल. वाळूज याच तालुक्यात आहे. बजाज ऑटोचा कारखाना तेथे 1985 साली सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुटे भाग बनविणाऱ्या लहानमोठ्या कारखान्यांची वसाहत वाढली. शहराच्या पलीकडे शेंद्र्याला 2001 साली स्कोडाचा कारखाना आला. 2014 च्या निकालातील 14 कंपन्यांत तिचेही नाव होते. यंत्राचे भाग घडविणारे हजारो हात या परिसरात आहेत. पाळीवर वाहनाचे भाग जोडणारा कामगार घरी आला की आपल्याच दारातील गाडीपुढे अडाणी ठरतो! श्रमापासून श्रमिक कसा तुटतो, हे शिकविण्यासाठी याहून चांगला धडा अभ्यासवर्गाला मिळणार नाही.

आणि रस्त्याकडेच्या गॅरेजवाल्याचे काय? पदवी नाही, भांडवल नाही, पण कानाने इंजिन ओळखणारा हा कारागीर खेड्यातील वाहनव्यवहाराचा कणा आहे. नव्या गाड्यांत साध्या रेझिस्टन्सची जागा इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाने घेतली आहे. काही दोष कंपनीच्या संगणकाशिवाय वाचताच येत नाहीत. ते साधन त्याला मिळाले नाही तर गिऱ्हाईक शहराची वाट धरणार आणि त्याचे गॅरेज बंद पडणार. डॉ. राममनोहर लोहियांनी लहान यंत्राचा आग्रह धरला होता. यंत्र माणसाच्या आवाक्यात राहावे, हा त्यामागचा विचार होता. आज यंत्र आकाराने लहान झाले, पण आवाक्याबाहेर गेले. जे आज मोटारीचे, तेच उद्या ट्रॅक्टरचे. पेरणीच्या दिवशी ट्रॅक्टर पडद्यावर एक आकडा दाखवून अडून बसला, तर शेतकऱ्याने पावसाला थांबायला सांगावे काय?

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. दुरुस्तीच्या हक्काचा स्वतंत्र कायदा व्हावा; त्यात दुरुस्तीची पुस्तिका मराठीसह भारतीय भाषांत देण्याचे बंधन असावे. सुट्या भागांच्या किमती जाहीर असाव्यात आणि संपूर्ण जोडणीऐवजी जळालेला भाग तेवढाच सुटा मिळावा. दोष वाचण्याची साधने स्वतंत्र मिस्त्रींना वाजवी दरात मिळावीत. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी गॅरेजांत राबणाऱ्यांसाठी नव्या तंत्राचे सायंवर्ग चालवावेत.

परंतु कायद्याची वाट पाहत बसणे हा समाजवाद्याचा स्वभाव नव्हे. प्रत्येक तालुक्याच्या गावी महिन्यातून एक रविवार कार्यकर्त्यांनी दुरुस्तीचा वर्ग भरवावा. वाळूजचा फिटर, गावातला गॅरेजवाला आणि भाड्याची गाडी चालविणारा तरुण यांनी एकाच बोनेटभोवती उभे राहावे. फ्यूज कोठे, रिले कोठे, कोणत्या कामाला हात घालावा आणि कोणत्या कामाला घालू नये, हे एकमेकांना शिकवावे. ज्याने एकदा बंद पडलेला पंखा स्वतः उघडून फिरता केला, तो पुढच्या वेळी बिलावरील आकडा मुकाट्याने भरत नाही. तो कारण विचारतो. कारण विचारणारा नागरिक घडविणे हेच चळवळीचे काम आहे, आणि त्याचा आरंभ डॅशबोर्डाच्या कप्प्यामागूनही होऊ शकतो.