जुनी वेल कुणाची, पैसा कुणाचा?

स्पॅनिश व्हाइट वाइनच्या बाटलीवर छापतात ‘विन्यास व्हिएखास’, म्हणजे जुन्या वेली. जुन्या म्हणजे किती हो? 30 वर्षं की 100? युरोपच्या कायद्यात व्याख्याच नाही! रुएदाने ‘ग्रान विनो’साठी 30 वर्षांहून जुन्या वेलींची अट घातली, ते बरं केलं. सेगोव्हियाच्या वाळूत तर फिलॉक्सेरा किडीलाही पुरून उरलेल्या वेर्देखोच्या वेली आहेत. माल थोडा, पण चव भरीव. दर मात्र किलोवर. मग शेतकरी त्या ठेवेल कशाला? 2008च्या सुधारणेनंतर युरोपीय संघाने वेली उपटायला अनुदान दिलं, सगळ्यात जास्त उपटल्या स्पेनमध्येच. आणि आता त्याच जुनेपणाच्या नावावर बाटली महाग? माझं म्हणणं सरळ आहे: वेलीचं वय लेबलवर छापा आणि त्या द्राक्षाला वेगळा दर द्या.