आजारी डुक्कर गुपचूप विकले, तर कायदा कोणाच्या बाजूने?

समजा, मनमाडच्या एका वराहपालकाने दहा पिल्ले विकत घेतली. विकणाऱ्याच्या कळपात चार दिवसांपूर्वीच दोन डुकरे तापाने मेली होती. तो बोलला नाही, याने विचारले नाही. पंधरा दिवसांत नवी पिल्ले गेली आणि घरचा कळपही आडवा झाला. आता भरपाई मागता येईल?

भारतीय करार कायदा, 1872 उघडला तर निराशाच होते. कलम 17 नुसार नुसते गप्प राहणे ही फसवणूक नाही. त्यातले उदाहरण घोड्याचे आहे: लिलावात विकणाऱ्याला घोड्यातला दोष माहीत असला आणि त्याने तो सांगितला नाही, तरी फसवणूक होत नाही. इंग्लंडमधल्या 1878 च्या ‘वॉर्ड विरुद्ध हॉब्स’ खटल्यात तर डुकरेच होती. ‘सर्व दोषांसह’ या अटीवर ती विकली होती. घेणाऱ्याच्या इतर डुकरांनाही लागण झाली, तरी खटला तोच हरला.

मात्र कलम 17 मध्येच घेणाऱ्याच्या कामाचे दुसरे उदाहरण आहे. ‘तुम्ही नाकारले नाही तर जनावर निरोगी आहे असे मी धरतो,’ असे त्याने आधी बजावले आणि विकणारा गप्प राहिला, तर ते मौन बोलण्याइतकेच धरले जाते. म्हणून सौद्याआधी हे दोन माणसांसमोर विचारा. व्हॉट्सअ‍ॅपवर विचारले तर आणखी बरे, पुरावा राहतो.

दुसरा कायदा जनावरांच्या संसर्गजन्य रोगांचा, 2009 चा. लम्पीच्या साथीत सप्टेंबर 2022 मध्ये याच कायद्याखाली सगळे राज्य नियंत्रित क्षेत्र जाहीर झाले होते. यादीतल्या रोगाची शंका आली की मालकाने गावपातळीवर कळवायचे आणि जनावर वेगळे ठेवायचे. रोगी असल्याचे माहीत असलेले जनावर बाजारात न्यायचे नाही. आफ्रिकन आणि क्लासिकल, दोन्ही स्वाइन फीवर या यादीत आहेत. पण कळवायचे ते यंत्रणेला. घेणाऱ्याला सांगण्याची सक्ती नाही. पहिल्या गुन्ह्याला दंड जास्तीत जास्त 1,000 रुपये! एक पिल्लू विकले तरी तो भरून निघतो.

विकणारा दरवेळी लबाडच असतो असेही नाही. आफ्रिकन स्वाइन फीवर निघाला तर एक किलोमीटर परिघातली डुकरे मारावी लागतात. सरकारी भरपाई असते, पण हातात पैसे कधी येतील या धास्तीने माणूस आधी विकून मोकळा होतो. या रोगाने माणसाला धोका नाही. डुकरे मात्र क्वचितच वाचतात.

2020 मध्ये आसाम-अरुणाचलात आढळलेला हा रोग 2022 मध्ये मध्य प्रदेशातल्या रीवापर्यंत आला. मनमाड रेल्वे जंक्शन आहे, पुणे-इंदूर महामार्गही इथूनच जातो. डुकरांच्या लांबच्या वाहतुकीला पशुवैद्यकाचा आरोग्य दाखला लागतो. गाडीतून माल उतरवण्याआधी तो मागा. नवी डुकरे महिनाभर वेगळी ठेवा, हॉटेलचे खरकटे उकळल्याशिवाय घालू नका. ताप, अंगावर लाल-निळे चट्टे किंवा अचानक मृत्यू दिसला तर 1962 वर फोन करा.

तोंडी सौद्यांच्या या धंद्यात पावतीवर ‘गेल्या महिन्यात कळपात मर झाली का?’ एवढी एक ओळ सक्तीची करायला सरकारला नवा कायदाही लागू नये. नियमांत दुरुस्ती पुरेल.