यादी काढताना ताळा घ्या



आपल्या वस्त्यांतील कितीतरी मुलेमुली आज संगणकावर काम करून घर चालवतात. कोणी पतसंस्थेत आहे, कोणी कंत्राटावर सरकारी कचेरीत माहिती भरतो, कोणी दवाखान्याच्या खिडकीमागे बसते. या सर्वांना साहेबांचे एक वाक्य रोज ऐकावे लागते : "जरा यादी काढून द्या." वाक्य चार शब्दांचे आहे, पण त्या यादीवर कोणाची शिष्यवृत्ती, कोणाचे निवृत्तिवेतन, तर कोणाचे घरकुल अवलंबून असते. म्हणून संगणकातील माहिती यादीच्या रूपाने बाहेर कशी काढावी आणि काढताना काय जपावे, याचा आज विचार करू या.

डेटाबेस म्हणजे नोंदवह्यांचे कपाट समजा. त्या कपाटाला विचारलेला प्रश्न म्हणजे क्वेरी. "ज्यांचा हप्ता थकला आहे अशा सभासदांची नावे व खाते क्रमांक दे," असे आपण ठरावीक भाषेत विचारतो आणि ओळी व रकान्यांत उत्तर मिळते. हे उत्तर तीन ठिकाणी जाऊ शकते : पडद्यावर, कागदावर किंवा दुसऱ्या फाईलमध्ये. तिन्हींचे उपयोग वेगळे आहेत आणि धोकेही वेगळे आहेत.

प्रथम पडदा घेऊ. पडद्यावर दिसते ते सगळेच उत्तर असते असे नाही. मायएसक्यूएल वर्कबेंच हे साधन मुळात फक्त पहिल्या 1000 ओळी दाखवते. पीएचपीमायअॅडमिन एका पानावर 25 ओळी दाखवते. पडद्यावर दिसले तेवढेच उचलून साहेबांना दिले, तर 1001 वा माणूस यादीत नसतो आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. दुसरे असे की, क्रम सांगितला नाही तर ओळी कोणत्या क्रमाने येतील याचा भरवसा नसतो. आडनावाप्रमाणे यादी हवी असेल तर क्वेरीत 'ऑर्डर बाय' लिहिलेच पाहिजे.

एकाच व्यक्तीची सारी माहिती पाहायची असेल, तर आडवे रकाने पडद्यात मावत नाहीत, ओळी मोडतात आणि डोळे शिणतात. त्यावर सोपा उपाय आहे. मायएसक्यूएलच्या काळ्या पडद्यावर क्वेरीच्या शेवटी अर्धविरामाऐवजी उलटी तिरकी रेघ आणि मोठा 'जी' टाकला, की रकाने एकाखाली एक येतात. पोस्टग्रेसमध्ये उलटी तिरकी रेघ व 'एक्स' ही आज्ञा तेच काम करते.

आता फाईलकडे वळू. सर्वांत जास्त चालते ती सीएसव्ही फाईल. तिच्यात रकान्यांच्या मध्ये स्वल्पविराम असतो, बाकी सगळा साधा मजकूर. पण आपल्या पत्त्यांतही स्वल्पविराम असतात. "खोली नं. 12, दुसरी गल्ली" हा एक पत्ता दोन रकान्यांत फुटू शकतो. म्हणून असा मजकूर दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवण्याचा रिवाज आहे आणि 2005 साली तो लेखी स्वरूपातही मांडला गेला. फाईल काढताना अवतरणचिन्हांची सोय चालू आहे ना, हे पाहावे.

मायएसक्यूएलची 'इनटू आउटफाईल' ही आज्ञा फाईल आपल्या टेबलावरील यंत्रात नव्हे, तर सर्व्हरवर लिहिते आणि रकान्यांची शीर्षकेही आपणहून देत नाही. पोस्टग्रेसमध्ये नुसती 'कॉपी' सर्व्हरवर लिहिते, तर उलटी तिरकी रेघ लावलेली 'कॉपी' आपल्या यंत्रावर लिहिते. एसक्यूलाइटमध्ये आधी 'डॉट हेडर्स ऑन', मग 'डॉट मोड सीएसव्ही', मग 'डॉट वन्स' व फाईलचे नाव, आणि त्यानंतर क्वेरी द्यावी. एवढे पाठ असले तरी अर्धे काम सोपे होते.

खरा घोटाळा पुढे होतो. सीएसव्ही फाईल दोनदा टिचकी मारून एक्सेलमध्ये उघडली, की एक्सेल स्वतःचे शहाणपण चालवते. त्याला खाते क्रमांक ही रक्कम वाटते. काही बँकांचे क्रमांक शून्याने सुरू होतात, तो शून्य गळतो. एक्सेल 15 अंकच अचूक धरते, म्हणून 16 अंकी क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो. 12 अंकी आधार क्रमांक 'ई'चा विचित्र आकडा होऊन दिसतो आणि तीच फाईल पुन्हा सीएसव्हीत साठवली, तर तो विचित्र आकडाच कायम होतो. मराठी नावांच्या जागी अगम्य चिन्हे येतात, ती वेगळीच.

उपाय असा : फाईल थेट उघडू नये. एक्सेलच्या 'डेटा' विभागातून ती आत घ्यावी, भाषेच्या जागी युनिकोड यूटीएफ-8 निवडावे आणि खाते क्रमांक, आधार, फोन, पिनकोड या रकान्यांना 'टेक्स्ट' म्हणावे. ज्या आकड्याची कधी बेरीज करायची नसते, तो आकडा नसून नाव आहे, असे आम्ही शिकाऊ मुलांना सांगतो. नावाला जपतो तसे त्याला जपावे.

हे सारे बारीकसारीक वाटत असेल, तर इंग्लंडमध्ये काय घडले ते पाहा. 2020 साली कोरोनाच्या दिवसांत तेथील आरोग्य यंत्रणेकडे प्रयोगशाळांकडून सीएसव्ही फाईली येत. त्या एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाईलीत ओतल्या जात. त्या जुन्या फाईलीत 65,536 ओळीच मावतात. 2007 पासूनच्या नव्या प्रकारात 10,48,576 मावतात. जागा संपली आणि उरलेल्या ओळी गुपचूप बाहेर राहिल्या. 25 सप्टेंबर ते 2 ऑक्टोबर या काळातील 15,841 रुग्ण रोजच्या आकड्यांत आलेच नाहीत. त्या रुग्णांना आपापला निकाल कळला होता, पण त्यांच्या संपर्कात आलेल्या माणसांना शोधणाऱ्यांकडे ही नावे वेळेवर पोहोचली नाहीत. साथीच्या काळात अशा दिरंगाईची किंमत माणसेच मोजतात.

येथे यंत्र बिघडले नव्हते. ओळी किती निघाल्या आणि किती पोहोचल्या, हे कोणी पडताळले नव्हते. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी रोजकीर्दीवरून खतावणी उतरवताना ताळा घेतो, तोच नियम येथे लागू आहे. यादी काढण्यापूर्वी 'काउंट' विचारून ओळींची संख्या कागदावर लिहा. रकमांची बेरीजही लिहा. फाईल तयार झाल्यावर दोन्ही पुन्हा पाहा. मेळ बसला नाही तर यादी पुढे जाऊ देऊ नका, साहेब कितीही घाई करोत. आणखी एक पथ्य : लागतील तेवढेच रकाने काढा. पत्ते हवे असताना आधार क्रमांकही सोबत पाठवणे म्हणजे दुसऱ्याच्या घराची किल्ली वाटण्यासारखे आहे.

आता खिडकीच्या अलीकडे उभ्या असलेल्या आपल्या माणसांसाठी दोन शब्द. "यादीत तुमचे नाव नाही," असे उत्तर मिळाले की आपण मान खाली घालून परततो. तसे करू नका. नाव मूळ नोंदीत नाही, की नुसत्या छापील यादीत नाही, हे विचारा. आपला खाते क्रमांक पासबुकाशी एकेक अंक ताडून पाहा.

वस्तीच्या कामासाठी माहिती मागणाऱ्या कार्यकर्त्यांनी हेही ध्यानात ठेवावे. माहितीचा अधिकार अधिनियम 2005 च्या कलम 2 नुसार संगणकातील माहिती छापील प्रतीप्रमाणेच इलेक्ट्रॉनिक स्वरूपातही मिळवण्याचा हक्क आहे. कलम 7 चे पोटकलम 9 सांगते की, कचेरीवर अवाजवी बोजा पडत नसेल आणि अभिलेखाला धोका नसेल, तर माहिती ज्या स्वरूपात मागितली त्याच स्वरूपात सामान्यतः द्यावी. म्हणून अर्जात "सीएसव्ही किंवा एक्सेल फाईल द्यावी" असे स्पष्ट लिहा. तीनशे पानांचे छायाचित्र केलेली पीडीएफ हाती आली, तर ती वाचता येते, पण तिची बेरीज करायला महिना जातो. फाईल मिळाली तर किती अर्ज आले, किती मंजूर झाले, किती परत गेले, हे वस्तीतील बारावीची मुलगीही एका संध्याकाळी सांगू शकते.

यादीतील प्रत्येक ओळ म्हणजे एक माणूस आहे. यादी काढणाऱ्या हातांनी आणि यादीत आपले नाव शोधणाऱ्या डोळ्यांनी, दोघांनीही हे विसरू नये, एवढेच आमचे सांगणे आहे.