तीन पाव वजनाची किंमत

गेल्या महिन्यांत आमच्याकडे आलेल्या पत्रांत डोंबिवलीच्या एका वृद्ध वाचकभगिनीचें पत्र होतें. त्यांच्या घरीं दोन मुलगे, दोन सुना व नातवंडें एकत्र राहतात. धाकटी सून दोन महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकविते आणि पीएच.डी.चा प्रबंधही लिहिते. थोरल्या मुलाचा मुलगा यंदा अभियांत्रिकी महाविद्यालयांत जावयाचा आहे. घरच्या सामाईक शिलकेंतून लॅपटॉपसाठीं 1,20,000 रुपये काढून ठेवलेले आहेत. यजमानांचा विचार असा कीं, साठ-साठ हजारांचे दोन सारखे लॅपटॉप घ्यावे, म्हणजे कोणास कमी नाहीं व कोणास अधिक नाहीं. सुनेच्या मनांत मात्र वजनानें हलका, पण किंमतीनें भारी असा लॅपटॉप आहे. आपली मिळकत ती किती, मग मागावें कोणत्या तोंडानें, म्हणून ती गप्प आहे. "ती मागत नाहीं," असें या बाई लिहितात, "पण रोज रात्रीं मागचें आवरून झाल्यावर उजवा खांदा शेकीत बसते, तें मला दिसतें. महाग लॅपटॉप ही चैन कीं गरज, तें आपण सांगावें."

प्रश्न एका घरचा असला तरी आज तो पुष्कळ घरांत निघत असेल, म्हणून त्याचें उत्तर आम्ही येथें जरा विस्तारानें देत आहोंत.

प्रथम यजमानांच्या म्हणण्याकडे वळूं. त्यांत एकत्र कुटुंबाचा एक जुना आणि चांगला धर्म आहे. दिवाळीला एकाच ताग्यांतून सर्व मुलांचे सदरे बेतावयाचे, दोघी सुनांना एकाच किंमतीचीं लुगडीं घ्यावयाचीं, म्हणजे घरांत कुरबूर होत नाहीं. ही रीत ज्यांनीं घातली ते शहाणेच होते. परंतु त्याच घरांत आजोबांना मऊ भात व मुलांना पोळी वाढली जात असे, आणि त्याला कोणी पक्षपात म्हणत नसे. कापड अंगावर मिरवावयाचें, म्हणून तें सारखें. अन्न ज्याच्या त्याच्या पोटाला मानवावयाचें, म्हणून तें निराळें. लॅपटॉप यांपैकीं कोणत्या पंक्तींत बसतो, हें ठरलें कीं निम्मा प्रश्न सुटला.

आमच्या मतें तो अन्नाच्या पंक्तींत बसतो. तेव्हां कोणत्या लॅपटॉपची किंमत किती, याच्याही आधीं तो कोण उचलणार, किती लांब नेणार व किती वेळ विजेच्या खुंटीवांचून वापरणार, हें पाहिलें पाहिजे.

हलकेपणा इतका महाग कां, हें समजण्यासाठीं थोडा इतिहास सांगणें जरूर आहे. 2007 सालीं तैवानच्या असूस कंपनीनें ई पीसी नांवाचा 7 इंची पडद्याचा संगणक विकावयास काढला. तो किलोहून हलका व स्वस्त होता. पण त्याचा पडदा व कळा इतक्या लहान, आणि शक्ति इतकी बेताची, कीं त्यावर दिवसभर काम करणें कठीण. पुढच्याच वर्षीं, 2008 च्या जानेवारींत, सॅन फ्रॅन्सिस्को येथें ॲपल कंपनीचे स्टीव्ह जॉब्स यांनीं कागदी पाकिटांतून मॅकबुक एअर बाहेर काढून दाखविला. त्याचें वजन 3 पौंड, म्हणजे सुमारें 1.36 किलो, पडदा व कळा पुऱ्या मापाच्या, किंमत 1,799 डॉलर. म्हणजे त्या काळीं निवड अशी होती कीं, हलकें व स्वस्त घ्यावें तर तें दुबळें, आणि हलकें व कामाचें घ्यावें तर तें श्रीमंतांचें. 2011 सालीं इंटेल कंपनीनें 'अल्ट्राबुक' या नांवानें पातळ लॅपटॉपांचा पुरस्कार केला, तेव्हांपासून इतर कंपन्याही या वाटेस लागल्या. आज हलकेपणा पूर्वींइतका दुर्मिळ राहिलेला नाहीं. यजमानांचे साठ हजार व सुनेच्या मनांतले लाख यांच्यामध्यें एक तिसरी पायरी आहे, व ती पुष्कळांच्या नजरेंतून सुटते.

आतां जास्त पैसा देऊन आपण नेमकें काय घेतों? पहिली गोष्ट कमी वजन; दुसरी, बॅटरीचा अधिक टिकाव; तिसरी, चांगला पडदा व धातूचें मजबूत कवच; चौथी, शांतता. अधिक वेग मात्र त्या पैशांत येतोच असें नाहीं, आणि येथेंच लोक फसतात. पातळ यंत्रांत उष्णता बाहेर पडावयास जागा थोडी. 2020 च्या अखेरीपासूनच्या एअरमध्यें तर पंखाच नाहीं. मोठें काम बराच वेळ चालविलें कीं तें यंत्र तापूं नये म्हणून आपली चाल आपणच मंद करतें. लेखन, वाचन, तक्ते व व्याख्यानाचीं चित्रें यांस तें भरपूर पुरतें. पण जड काम तासन् तास करावयाचें असेल, तर त्याच किंमतीचें जाड व पंख्याचें यंत्र अधिक वेगवान मिळतें.

आतां तराजू हातीं घेऊं. बाईंनीं स्वयंपाकघरांतला वजनकांटाच वापरावा. साधारण 15.6 इंची लॅपटॉप 1.7 किलोच्या आसपास भरतो, त्याचा चार्जर व वायर मिळून 400 ग्रॅम धरावे, एकूण 2.1 किलो. एम 4 जातीचा 13 इंची एअर 1.24 किलो, व त्याचा लहानसा चार्जर धरून फार तर 1.4 किलो. म्हणजे फरक सुमारें तीन पावांचा. तीन पाव म्हणजे कांहींच नाहीं, असें घरांत बसून वाटेल. पण सुनेच्या पिशवींत डबा, पाण्याची बाटली, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा व एखादें पुस्तक आधींच असतें. आणि सकाळच्या गाडींत डोंबिवलीहून उभ्यानें जावें लागतें, तेव्हां पिशवी खालीं ठेवावयासही जागा नसते. घरांतील पुरुष मंडळींनीं तांदुळाचे तीन पाव पिशवींत घालून तासभर उभें राहून पाहावें, म्हणजे हा हिशेब कागदावरून खांद्यावर येईल.

मधल्या पायरीचा 14 इंची लॅपटॉप 1.3 किलोच्या आसपास व चार्जरसह सुमारें 1.55 किलो होतो. 2025 च्या भावांनीं असा लॅपटॉप 16 जीबी रॅमसह 75,000 रुपयांच्या घरांत मिळत असे. एम 4 एअरची किंमत मार्च 2025 मध्यें 99,900 रुपये ठेविली होती, व शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यासाठीं 89,900. सून शिक्षिकाही आहे व संशोधकही, तेव्हां ही सवलत विसरूं नये. याचा अर्थ असा कीं, तीन पावांपैकीं पहिले दोन पाव साठ हजारांवर 15,000 रुपये घातल्यानें उतरतात. उरलेला एक पाव उतरविण्यास, सवलत धरूनही, आणखी 15,000 पडतात. पहिल्या 15,000 ला आम्ही चैन म्हणणार नाहीं. दुसऱ्यांविषयीं मात्र विचार केला पाहिजे.

त्या विचारांत तीन गोष्टी याव्या. पहिली, जोडणीचीं छिद्रें. महाविद्यालयांतील प्रोजेक्टर बहुधा एचडीएमआयच्या वायरीचा, कोठें कोठें त्याहूनही जुना असतो. एअरला हें छिद्र नाहीं. दुवा म्हणून निराळा जोड जवळ बाळगावा लागतो, व तो ज्या दिवशीं घरीं राहील त्या दिवशीं तासाची पंचाईत. मधल्या पायरीच्या बहुतेक लॅपटॉपांस एचडीएमआय असतें. दुसरी गोष्ट रॅम. पातळ यंत्रांत ती मूळ पाटीवरच डाखाने जडविलेली असते, मागाहून वाढवितां येत नाहीं. म्हणून 16 जीबीहून कमी रॅमचें हलकें यंत्र कितीही स्वस्त मिळालें तरी घेऊं नये. तिसरी गोष्ट बॅटरी, आणि येथें एअरची बाजू भक्कम आहे. दोन महाविद्यालयांमध्यें धांवणाऱ्या बाईस खुंटी शोधावी लागूं नये, हा मोठाच लाभ. कंपनीच्या सांगण्याप्रमाणें ती बॅटरी 1,000 पूर्ण आवर्तनांपर्यंत मूळ शक्तीच्या 80 टक्के टिकते. वर्षांत कामाचे 250 दिवस व रोज एक आवर्तन धरलें, तर हीं चार वर्षें झालीं. त्यानंतर नव्या बॅटरीचा खर्च धरून ठेवावा.

दुकानदार आणखी एक हिशेब मांडील. 60,000 चा लॅपटॉप चार वर्षें चालला व 90,000 चा सहा वर्षें चालला, तर दोन्हींचा वर्षाचा खर्च 15,000 च. हा हिशेब खोटा नाहीं, पण त्यांत 'चालला तर' हे शब्द आहेत. वॉरंटी सामान्यतः एका वर्षाची असते, व गर्दींत पडदा चेपला तर ती उपयोगी पडत नाहीं. जितकें यंत्र महाग, तितकी त्याची दुरुस्तीही महाग. म्हणून आयुष्याच्या भरंवशावर महाग वस्तु घेऊं नये. रोजच्या उपयोगासाठीं घ्यावयाची असेल तर घ्यावी.

थांबल्यानें स्वस्त मिळेल काय, असेंही बाईंनीं विचारलें आहे. जुलै 2022 मध्यें एम 2 एअर 8 जीबी रॅमसह 1,19,900 रुपयांस होता. मार्च 2025 मध्यें त्याहून नवा, 16 जीबीचा, 99,900 ला आला. तेव्हां थांबणारास लाभ झाला खरा. परंतु 2025 च्या अखेरीस रॅमचे भाव जगभर चढले, आणि थांबणें नेहमींच फायद्याचें नसतें हेंही दिसलें. ज्याचा खांदा आज दुखतो त्यानें भाव उतरण्याची वाट पाहूं नये. ज्याची गरज अजून निश्चित झालेली नाहीं त्यानें खुशाल पाहावी.

असा अनिश्चित गरजेचा माणूस या घरांत आहे. तो म्हणजे नातू. अभियांत्रिकीचें पहिलें वर्ष बहुतेक सर्व शाखांस सारखेंच असतें. पुढें तो यंत्रशाखेकडे गेला, तर सॉलिडवर्क्ससारखे कार्यक्रम विंडोजवरच चालतात, व त्यांस शक्ति हवी, पातळपणा नको. त्याचा लॅपटॉप बहुतेक वेळ टेबलावर राहील. त्याला 45,000 रुपयांच्या आसपासचा, जाड पण रॅम वाढवितां येण्याजोगा लॅपटॉप योग्य होय. आणि तोही प्रवेश होऊन शाखा ठरल्यावर. रॅमची खांच मोकळी आहे काय, एवढें दुकानांत विचारून घ्यावें. त्याच्या कामास हलका व महाग लॅपटॉप देणें म्हणजे विहिरीवर चांदीची कळशी नेणें होय.

घरांत एक जुना लॅपटॉपही आहे, असें पत्रांत आहे. विंडोज 10 च्या नेहमींच्या सुरक्षा-दुरुस्त्या 14 ऑक्टोबर 2025 रोजीं बंद झाल्या. म्हणून त्याला विंडोज 11 चालत नसेल तर त्यावर बँकेचे व्यवहार करूं नयेत. परंतु जुनी चकतीची हार्ड डिस्क काढून एसएसडी बसविली व लिनक्स घातलें, तर थोडक्या खर्चांत तो आजीआजोबांच्या वाचनास व लहान मुलांच्या अभ्यासास पुरेल. नातवानें पहिलें वर्ष त्यावर काढलें, तरी त्याचें शिक्षण अडणार नाहीं.

तेव्हां आमचें मत असें: सुनेला 75,000 च्या सुमाराचा 1.3 किलोचा, 16 जीबीचा व एचडीएमआयचा लॅपटॉप आतांच घ्यावा. नातवासाठीं 45,000 राखून ठेवावे. बेरीज बरोबर 1,20,000 होते. वांटणी सारखी नाहीं, पण न्यायाची आहे. मात्र दुकानांत गेल्यावर दोन्ही लॅपटॉप आधीं सुनेच्या हातीं द्यावे. तिनें ते चार्जरसह आपल्याच पिशवींत घालून खांद्यास लावून पाहावे. तो तिसरा पाव व खुंटीवांचूनचा दिवस तिला इतका मोलाचा वाटला कीं ती सवलतीचा एअरच मागेल, तर नातवाची खरेदी वर्षभर पुढें ढकलावी, पण तिला नाहीं म्हणूं नये. प्रबंध तिला लिहावयाचा आहे, ओझेंही तिलाच वाहावयाचें आहे.

शेवटीं एक सूचना. सामाईक पैशाची वस्तु सामाईक होते, ही एकत्र घरांतली रूढीच आहे. हा लॅपटॉप तिला घेतला, तर तो तिचाच राहूं द्यावा. मुलांच्या खेळांस व मंडळींच्या बातम्यांस जुना लॅपटॉप आहे. रात्रीं जेवणानंतर प्रबंध उघडावा तर यंत्र दुसऱ्याच्या हातांत, असें झालें तर हलकेपणासाठीं मोजलेले पैसे व्यर्थ जातील.

मिळकत थोडी म्हणून मागूं नये, असें सुनेस वाटतें. तें तिच्या सासूबाईंनींच दूर करावें. ज्यांना न मागतां दिसलें, त्यांनींच हें पत्र घरांत सर्वांसमक्ष वाचून दाखवावें, अशी आमची विनंति आहे. खरेदी कोणतीही होवो, खांद्याचें वर्तमान दोन-तीन महिन्यांनीं आम्हांस अवश्य कळवावें.