जबाबदारी खेळाडूवर ढकलण्याआधी

ऑनलाइन खेळांतल्या मॉडच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की आपल्या क्षेत्रात एक ठरलेला सल्ला दिला जातो: मॉड विश्वासू ठिकाणाहूनच उतरवून घ्या. सल्ला खोटा नाही, पण गेल्या काही वर्षांतल्या मोठ्या घटना पाहिल्या तर तो पाळणारेच त्यांत पोळले आहेत. हे मासिक वाचणारे बहुतेक जण मॉड लिहितात, मॉडपॅक जुळवतात किंवा सर्व्हर चालवतात, म्हणून त्यांच्यापुढे एक म्हणणे मांडायचे आहे. खेळाडूला सावध करण्यात आपण जेवढी ताकद घालवतो, तिच्या निम्मी तरी स्वतःच्या शिस्तीसाठी राखून ठेवली पाहिजे. धोका ज्या टप्प्यावर आत शिरतो तो खेळाडूच्या नव्हे, आपल्या ताब्यातला टप्पा आहे. आणि शिष्टाचार म्हणून ज्याची वेगळी चर्चा होते तोही याच जबाबदारीचा भाग आहे.

जून 2023 मधले माइनक्राफ्टचे प्रकरण घ्या. फ्रॅक्चरायझर या नावाने ओळखला गेलेला व्हायरस कुठल्या आडवळणाच्या साइटवरून आला नव्हता. कर्सफोर्ज आणि बुकिट या जुन्याजाणत्या ठिकाणांवरची काही खाती चोरांच्या हाती गेली आणि लोकांच्या ओळखीच्या मॉड व मॉडपॅकच्या नव्या आवृत्त्यांतून तो पसरला. ब्राउझरमधल्या कुकीज, साठवलेले पासवर्ड, डिस्कॉर्ड आणि मायक्रोसॉफ्ट खात्यांची टोकन तो उचलत होता. क्लिपबोर्डवर क्रिप्टो वॉलेटचा पत्ता दिसला तर तो काढून चोराचा पत्ता ठेवत होता. शिवाय संगणकावर सापडेल त्या जार फाइलमध्ये स्वतःला घुसवत होता. मॉड लिहिणाऱ्यांना खरा घाम फुटावा तो या शेवटच्या गुणामुळे. त्यांच्या संगणकावर तो पोचला, की त्यांच्याच पुढच्या मॉडमधून तो शेकडो घरांत जाणार. त्याच वर्षी 25 डिसेंबरला ‘स्ले द स्पायर’च्या ‘डाउनफॉल’ या मोठ्या मॉडची स्वतंत्र आवृत्ती साधारण तासभर पासवर्ड चोरणाऱ्या प्रोग्रामसकट वाटली गेली, तीही थेट स्टीमवरून, कारण निर्मात्यांपैकी एकाचे खातेच ताब्यात घेतले गेले होते. (तो एकट्याने खेळण्याचा खेळ, पण मॉड घरात येण्याची वाट तीच.) डोटा 2 मध्ये तर खातेही चोरावे लागले नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये अवास्टच्या संशोधकांनी दाखवून दिले की स्टीमवरच्या चार कस्टम गेममध्ये एकाच व्यक्तीने घातक कोड पेरला होता. तो चालू शकला, कारण खेळात वापरलेले जावास्क्रिप्टचे व्ही8 इंजिन 2018 सालचे होते. गूगलने ती फट 2021 मध्येच बुजवली होती. तिन्ही वेळा खेळाडूने सांगितले तेच केले होते.

माइनक्राफ्टचा जावा मॉड हा वापरकर्त्याच्या सगळ्या अधिकारांनिशी चालणारा प्रोग्राम असतो. कोपऱ्यात छोटा नकाशा दाखवणाऱ्या मॉडला वडिलांच्या आयकराच्या कागदपत्रांचे फोल्डर उघडायचे असेल तर त्याला अडवणारे कोणी नाही. आपल्याकडे अनेक घरांत मुलांचा खेळ आणि मोठ्यांचे बँकेचे काम एकाच संगणकावर चालते, हे लक्षात घेतले की ही गोष्ट केवळ तांत्रिक राहत नाही. याउलट वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टचे अ‍ॅडऑन 2004 पासून खेळाच्या आतल्या बंदिस्त लुआमध्ये चालतात. बाहेरच्या फायली किंवा इंटरनेट त्यांना परस्पर गाठता येत नाही. ही भिंतही अभेद्य नाही. 2016 मध्ये चॅटवर गोड बोलून खेळाडूला एक ओळ टाइप करायला लावायची आणि त्याचा खेळ दुरून चालवायचा, असा प्रकार उघडकीला आला होता. पण त्यात गेले ते खेळातले सोने आणि खेळातला माल. फसवणूक भिंतीच्या आतच राहिली, आणि सुरक्षेची व्यवस्था बरी की वाईट हे मी तरी यावरूनच ठरवीन.

यावर लगेच येणारा आक्षेप रास्त आहे. अशी भिंत घातली तर माइनक्राफ्टचे मॉड माइनक्राफ्टचे राहणार नाहीत. खेळाचे चित्रण, भौतिकी, जगाची रचना मुळापासून बदलणारे मॉड जन्मलेच नसते. काउंटर-स्ट्राइक हाफ-लाइफच्या मॉडमधून उभा राहिला आणि आर्मा 2 च्या मॉडमधून डेझी, तेही मॉडकारांना मोकळे रान मिळाले म्हणूनच. मान्य. पण मग भिंत जे काम करते ते कोणीतरी हाताने करायला हवे. प्रकाशनाच्या खात्याला एसएमएसऐवजी अ‍ॅप किंवा हार्डवेअर कीचे दुहेरी कुलूप हवे. कोड वाचता येईल असा उघडा हवा, आणि त्याच कोडमधून तीच फाइल बनते हे दुसऱ्याला पडताळता यायला हवे. मॉडच्या वर्णनात तो काय वाचतो आणि कुठे काय पाठवतो हे साध्या भाषेत लिहिलेले हवे. मराठी मुलांच्या सर्व्हरसाठी पॅक बनवत असाल तर मराठीत. यात क्रांतिकारक काही नाही. अ‍ॅडऑन मोफत हवा, त्याचा कोड लपवलेला नको, त्यात जाहिरात नको, हे वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट बनवणाऱ्या ब्लिझार्डने मार्च 2009 मध्येच अ‍ॅडऑन लिहिणाऱ्यांना बजावले होते, तेही भिंत असताना.

कोड उघडा ठेवला की लोक चोरतात, ही तक्रार आपल्या वर्तुळात फार ऐकू येते, आणि परवानगीशिवाय मॉड उचलून पॅकमध्ये घालणाऱ्यांमुळे ती निराधारही नाही. पण कोड वाचू देणे आणि वापरू देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सर्व हक्क राखूनही कोड दाखवता येतो. शिवाय जावाची जार फाइल उलगडून वाचणे चोराला मुळीच अवघड नाही. कोडची नावे गुंतागुंतीची करून ठेवली तर अडतो तो चार ओळी तपासून पाहणारा सज्जन माणूस. दुसरी तक्रार पैशाची: हे सगळे फुकट करायचे? हे म्हणणे मला जास्त वजनदार वाटते. फ्रॅक्चरायझरची चिरफाड करून त्याचा माग काढण्यात, तो ओळखायचा आणि काढायचा कसा हे लोकांना सांगण्यात स्वयंसेवक आघाडीवर होते. जाहिरातींवर आणि डाउनलोडवर कमावणाऱ्या संकेतस्थळांनी पडताळणीचा मुख्य खर्च उचलला पाहिजे, यात दुमत असू नये. मात्र आपल्या खात्याला कुलूप लावण्याचे काम त्यांच्या खर्चाची वाट पाहत थांबू शकत नाही.

हेतू चांगला असणेही पुरत नाही. जुलै 2023 मध्ये ब्लीडिंगपाइप या नावाने समोर आलेल्या प्रकारात कोणी घातक मॉड लिहिला नव्हता. फोर्ज या मॉड-लोडरवर चालणाऱ्या, माइनक्राफ्टच्या 1.7.10 आणि 1.12.2 या आवृत्त्यांवरच्या काही लोकप्रिय मॉडमध्ये नेटवर्कवरून आलेला माल न तपासता उलगडला जात होता. एवढ्या फटीतून सर्व्हरवर आणि तिथून त्याला जोडलेल्या खेळाडूंच्या संगणकांवर हवा तो कोड चालवता येत होता. इथे एक खरी अडचण आहे आणि ती झाकू नये. नवी आवृत्ती आपोआप घेणाऱ्याला फ्रॅक्चरायझरची भीती, जुनीलाच चिकटून राहणाऱ्याला ब्लीडिंगपाइपची. या दोहोंतून सुटका करणारे बटण कुठल्याही लाँचरमध्ये नाही. त्यासाठी माणूस लागतो: पॅकमधली प्रत्येक आवृत्ती हॅशसह पक्की करणारा, नवी आली की बदल वाचूनच ती घेणारा, आणि सुरक्षेची दुरुस्ती असेल तर रात्रीत सर्वांना कळवणारा. हे करायला माणूस नसेल तर दोनशे मॉडचा पॅक काढू नये, वीसचा काढावा.

आता शिष्टाचाराकडे. आपल्याकडे तो बहुधा एका प्रश्नात गुंडाळला जातो: या मॉडने इतरांवर कुरघोडी होते का? भिंतीआडचे खनिज दाखवणारा एक्स-रे वाईट, दिसण्यापुरते बदल चांगले. जानेवारी 2023 मध्ये फायनल फॅन्टसी 14 च्या ‘ओमेगा प्रोटोकॉल’ या सर्वांत अवघड लढाईत पहिला आलेला चमू कॅमेरा मर्यादेपलीकडे मागे नेणारे साधन वापरत होता असे दिसल्यावर निर्माते नाओकी योशिदा यांनी जाहीर नापसंती व्यक्त केली आणि त्यांचे यश मानायला नकार दिला. तिथे हा निकष पुरतो. पण त्याच खेळातले प्लेयरस्कोप हे प्लगइन या निकषात बसतच नाही. खेळाने 2024 मध्ये नको त्या माणसाला अडवण्याची सोय सुधारली. तिच्यासाठी पाठवल्या जाणाऱ्या खाते-क्रमांकावरून हे प्लगइन एकाच माणसाची सगळी पात्रे जोडून दाखवू लागले. लढाईत कोणाला काडीचा फायदा नाही, पण छळणाऱ्यापासून सुटण्यासाठी नवे पात्र घेतलेली व्यक्ती पुन्हा सापडू लागली. तिने कुठलाही मॉड टाकला नव्हता. म्हणून मॉडची पहिली कसोटी अशी हवी: ज्यांच्यावर त्याचा परिणाम होतो त्यांनी त्याला होकार दिला आहे का? खेळात चूक होती, ती आधी कंपनीने दुरुस्त करायची, हा प्लगइनवाल्यांचा बचाव अर्धाच खरा आहे. उघड्या दारातून आत जाणाराही विचारूनच जातो. होकार घेणारे मॉड जमतात, याचा पुरावा एल्डन रिंगच्या ‘सीमलेस को-ऑप’मध्ये आहे. तो खेळाच्या अधिकृत सर्व्हरला जोडत नाही आणि आपली सेव्ह फाइल वेगळी ठेवतो. ज्यांनी तो मुद्दाम बसवला, त्यांच्यापुरताच तो राहतो.

सर्व्हर चालवणाऱ्यांनी याच कसोटीवर स्वतःच्या एका रिवाजाकडे पाहावे. माइनक्राफ्टच्या लढाऊ सर्व्हरवर एखाद्यावर चीटचा संशय आला की त्याला एनीडेस्क हे दुरून संगणक चालवू देणारे अ‍ॅप बसवायला सांगतात आणि अनोळखी अ‍ॅडमिन त्याच्या संगणकात शिरून फोल्डर चाळतो. नकार दिला तर बॅन. समोरचा मुलगा अनेकदा अल्पवयीन असतो आणि संगणक घराचा. एनीडेस्कच्या आडून यूपीआयमार्फत होणाऱ्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी 2019 मध्येच बँकांना सावध केले होते, आणि अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून असे अ‍ॅप घेऊ नका हे ग्राहकांना तेव्हापासून सांगितले जाते. आपण मात्र मुलांना नेमकी उलटी सवय लावतो. संगणक असा चाळल्याशिवाय चीट पकडता येत नाहीत असे सांगितले जाते. काही सुटतीलही. चालणाऱ्या मॉडची लेखी यादी, सर्व्हरवरची अँटी-चीट, लढतीचे रेकॉर्डिंग आणि शंका असेल तिथे सर्व्हरपुरती बंदी एवढ्यावर जे निसटते, त्याची किंमत एका हरलेल्या लढतीएवढी असते. सर्व्हरच्या नियमावलीतले एनीडेस्कचे हे एक कलम आजच्या आज खोडता येईल.