अपुऱ्या दिवसांच्या बाळाची रजा कोण देणार?

माझी मुलगी पुण्याच्या एका खाजगी कंपनीत नोकरी करते. 2025 च्या संक्रांतीला ती चार दिवसांसाठी विश्रामबागेत माहेरी आली आणि गर्भाचे 33 आठवडे पुरे होतात न होतात तोच तिला कळा सुरू झाल्या. मिरजेच्या एका रुग्णालयात नात जन्मली. वजन 1 किलो 700 ग्रॅम. पुढचे 24 दिवस आम्ही मायलेकींनी तिथेच काढले. शेजारच्या खाटेवर बीडकडची एक ऊसतोड करणारी बाई होती. तिचेही मूल अपुऱ्या दिवसांचे, वजनही जवळपास तेवढेच. एक पदवीधर व पगारदार, दुसरी वाळवा तालुक्यातल्या उसाच्या फडातून थेट आलेली. परंतु दोघींना डॉक्टरांनी एकच काम सांगितले होते.

हे काम किती कष्टाचे असते याची पुरुष कार्यकर्त्यांना, आणि खरे सांगायचे तर मलाही, कल्पना नव्हती. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे या तीन क्रियांचा मेळ बाळाला साधारणपणे 34 व्या आठवड्याच्या सुमारास बसू लागतो. त्याआधी त्याला छातीशी लावले तरी पोटभर पिता येत नाही. म्हणून आईने दूध हाताने पिळून काढायचे आणि ते नळीने, पुढे वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने थेंबाथेंबाने पाजायचे. चोवीस तासांत आठ वेळा. रात्रीही, कारण रात्र चुकली की दूध आटू लागते. पहिल्या दिवशी चीक निघतो तो जेमतेम चमचाभर. आपल्याकडे तो अजूनही काही घरांत टाकून देतात. वस्तुतः अशा बाळाला त्याहून मोलाचे औषध नाही. डब्यातल्या दुधावर वाढवलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांना आतड्यांच्या जीवघेण्या दाहाचा धोका अधिक असतो, हे आता निर्विवाद आहे. यातला मधला वेळही आईला मोकळा नसतो. बाळाला उघड्या छातीशी धरून तासन् तास बसायचे असते. ही पद्धत 1978 साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली, ती काचेच्या पेट्या पुरेशा नव्हत्या म्हणून. गरिबांच्या नडीतून निघालेला हा उपाय आज जगभर मान्य झाला आहे.

(सातमाशी मूल जगते, आठमाशी जगत नाही, अशी एक समजूत त्या दिवसांत मला तीन जणींनी तरी ऐकवली. ती साफ खोटी आहे. गर्भात जितके दिवस अधिक, तितके बाळ तगण्याची शक्यता अधिक.)

ही काही दुर्मीळ आपत्ती नव्हे. 2020 साली जगात सुमारे 1 कोटी 34 लाख मुले दिवस भरण्यापूर्वी जन्मली आणि त्यांतली सुमारे 30 लाख एकट्या भारतातली होती. ती वाचवण्याची विद्याही परदेशातून आणावी लागत नाही. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली आशियातली पहिली मातृदुग्धपेढी उभारली. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून घरोघर नवजात बालकांची काळजी घेतली आणि तिथले नवजात मृत्यूचे प्रमाण 62 टक्क्यांनी उतरले. 1999 साली ते जगापुढे प्रसिद्ध झाले. तेव्हा उणीव ज्ञानाची नाही. उणीव आहे ती आईच्या वेळेची, आणि वेळ हा अर्थशास्त्राचा विषय आहे.

मालकाने मोलकरणीशी लग्न केले की राष्ट्रीय उत्पन्न घटते, हे पिगूचे उदाहरण मी वर्षानुवर्षे वर्गात सांगत आले आणि मुले हसत आली. दुधाच्या भुकटीचा डबा विकला गेला की राष्ट्रीय उत्पन्नात भर पडते. माझ्या मुलीने दिवसाला आठ वेळा काढलेल्या दुधाची नोंद कुठेच होत नाही. ज्याची नोंद नाही त्याची मजुरी नाही, आणि ज्याची मजुरी नाही त्यासाठी रजाही मागता येत नाही.

मुलीला 26 आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. 2017 च्या दुरुस्तीने ती 12 वरून 26 वर गेली, हे स्वागतार्हच आहे. परंतु ही रजा पंचांग पाहते, बाळ पाहत नाही. रजा संपली तेव्हा नात तारखेने सहा महिन्यांची होती. डॉक्टरांच्या हिशेबाने, म्हणजे जन्माच्या अपेक्षित दिवसापासून मोजली तर, अवघी 19 आठवड्यांची. 1961 च्या कायद्यात अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचा उल्लेख आहे खरा, आणि महिनाभराच्या जादा रजेचीही तरतूद आहे. पण ती आईला त्यामुळे आजार जडला तर! माझ्या मुलीकडे कंपनीने तिच्या आजाराचा दाखला मागितला. ती ठणठणीत होती. अशक्त होते ते बाळ. अर्ज नामंजूर झाला. नोव्हेंबर 2025 मध्ये अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने जुन्या कायद्याची जागा घेतली, पण हे कलम जवळजवळ त्याच शब्दांत पुढे आणले. ब्रिटनमध्ये एप्रिल 2025 पासून, नवजात बाळ रुग्णालयात राहिले तर आईबापांना 12 आठवड्यांपर्यंत जादा रजा मिळते.

आणि शेजारच्या खाटेवरची? तिने एकदा माझ्या मुलीकडे पाहत मला विचारले, ‘आजी, लेकीचा पगार चालू हाय का?’ हो म्हणताना मला लाज वाटली. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल दोघांच्या नावावर घेतलेली असते, मजुरी टनावर मिळते, आणि खाडा झाला की पैसे कापले जातात. मुकादम म्हणतो, मालक कारखाना; कारखाना म्हणतो, आमचा करार मुकादमाशी. मालकच नाही तिथे रजा कोणाकडे मागायची? आठव्या दिवशी तिचा नवरा आला. दोघांनी स्वतःच्या जबाबदारीवर सही केली आणि बाळाला घेऊन ती फडावर परतली. पुढे काय झाले ते मला ठाऊक नाही.

मुंबई विधिमंडळात 1928 साली प्रसूती लाभाच्या विधेयकाचे समर्थन करताना डॉ. आंबेडकरांनी आईची विश्रांती हा राष्ट्राच्या हिताचा प्रश्न मानला होता आणि तिचा भार मुख्यतः सरकारने उचलावा असे सांगितले होते. जवळजवळ शंभर वर्षांनी सरकार प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पहिल्या बाळासाठी 5000 रुपये देते. 26 आठवड्यांना भागले तर दिवसाला साडेसत्तावीस रुपयेही पडत नाहीत.

पैसा नाही, हे उत्तर मात्र कोणी देऊ नये. ऊसतोड कामगारांच्या कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे 10 रुपये द्यावेत आणि सरकारने तेवढीच भर घालावी, असे ठरलेले आहे. पाच लाख टन गाळप करणाऱ्या एका कारखान्याचे 50 लाख आणि सरकारचे 50 लाख, म्हणजे एक कोटी झाले. समजा, बाळंतिणीला रोज 300 रुपये धरून 26 आठवडे दिले, तर एकीचे 54 हजार 600 होतात. त्या कोटीत 183 बाळंतिणींची सोय होते. या निधीवर मुलांच्या वसतिगृहांचा आणि विम्याचाही हक्क आहे, हे मान्य. पण अपुऱ्या दिवसांची बाळंतीण त्या यादीत पहिली असावी, आणि तिच्या दिवसांत बाळ जितके आठवडे आधी जन्मले तितके आठवडे वाढवून मिळावेत. सांगली-साताऱ्यातले आपले कित्येक कार्यकर्ते कारखान्यांचे सभासद आहेत. वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर हा ठराव घेण्यासाठी त्यांना कोणाच्या परवानगीची गरज नाही.