काम कोण ठरवतं?

अमेरिका-युरोपातल्या चर्चमधून दर उन्हाळ्यात तरुणांचे गट परदेशातल्या शिबिरांना निघतात. मुक्काम पंधरा दिवसांचा, फार तर महिन्याचा. एखाद्या शाळेची भिंत रंगवायची, मुलांना गाणी आणि खेळ शिकवायचे, संध्याकाळी प्रार्थना करायची आणि परतायचं. यावर आक्षेप दोन. एक म्हणतो, ही सेवेच्या नावावर केलेली सहल आहे. दुसरा म्हणतो, हा सेवेच्या नावावर चाललेला धर्मप्रसार आहे. दोन्हींत तथ्य आहे आणि दोन्ही तपासून पाहायला वर्धा जिल्ह्याचा इतिहास फार उपयोगाचा आहे. परदेशी ख्रिस्ती माणसं सेवेसाठी इथेही आली, पण इथल्या यजमानाला आपल्याला काय हवं ते पक्कं ठाऊक होतं. अशा शिबिराचा कस पाहुण्याच्या श्रद्धेवर लागत नाही आणि केवळ मुक्कामाच्या लांबीवरही लागत नाही. काम ठरवतं कोण, यावर तो लागतो, असं मला वाटतं.

वर्ध्यातल्या मगनवाडीत 1934 साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला, तेव्हा त्याची सूत्रं जे. सी. कुमारप्पा या तमिळ ख्रिस्ती अर्थशास्त्रज्ञाकडे होती. लंडनमध्ये हिशेबनीस झालेला आणि कोलंबिया विद्यापीठात शिकलेला हा माणूस तेलघाणी, हातकागद, मधमाश्या यांचं अर्थशास्त्र मांडत बसला आणि त्याच हातांनी त्यानं येशूच्या शिकवणुकीवर पुस्तकही लिहिलं. वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात नई तालीमचं, म्हणजे गांधींच्या शिक्षणपद्धतीचं, काम पत्नी आशादेवींबरोबर ई. डब्ल्यू. आर्यनायकम् पाहत होते. ते सिलोनचे, जाफन्याकडचे ख्रिस्ती. म्हणजे बाहेरून आलेल्या ख्रिस्ती पाहुण्यानं येशूची ओळख करून द्यावी, असं इथे कुणी उरलंच नव्हतं! पाहुण्याला शिकावंच लागे. 1937 मध्ये वर्ध्याला आलेला इटलीचा लांझा देल वास्तो हा कॅथलिक लेखक काही महिने राहिला, सूत कातायला शिकला, गांधींनी दिलेलं ‘शांतिदास’ हे नाव घेऊन परतला आणि पुढे फ्रान्समध्ये त्यानं याच धर्तीवर एक वसाहत उभी केली. तो कॅथलिकच राहिला. मार्जरी साइक्स 1928 साली मद्रासला शिक्षिका म्हणून आल्या, पुढे क्वेकर झाल्या. शांतिनिकेतन करून त्या सेवाग्रामला आल्या आणि नई तालीमचे शिक्षक घडवण्यात त्यांनी इथे बरीच वर्षं घालवली. तमिळ, बंगाली शिकल्या, भारताचं नागरिकत्व घेतलं. दोघांच्या मुक्कामात केवढं अंतर! पण काम दोघांनीही आणलं नव्हतं, इथे होतं ते उचललं.

आता पहिला आक्षेप. विमानाच्या एका तिकिटाच्या पैशात गावातल्या गवंड्याला कितीतरी दिवसांची मजुरी देता येईल, भिंतही जास्त सरळ येईल. मग पाहुणे हवेत कशाला? नुसत्या मजुरीचा हिशेब केला तर याला उत्तर नाही. 1934 च्या भूकंपानंतर पिएर सेरेसोल हा स्विस इंजिनिअर बिहारमध्ये घरं बांधायला आला, तेव्हा त्याच्याबरोबर मोजकेच युरोपीय होते आणि कष्टाळू हातांची बिहारमध्ये काही वाण नव्हती. याच सेरेसोलनं 1920 मध्ये व्हर्दूनजवळच्या एका उद्ध्वस्त फ्रेंच गावात पहिलं आंतरराष्ट्रीय श्रमशिबिर भरवलं होतं. त्यात जर्मनही होते. हेतू उदात्त होता, पण जर्मनांची मदत तिथल्या अधिकाऱ्यांच्या गळी उतरली नाही आणि काही महिन्यांत गाशा गुंडाळावा लागला. हात तयार असणं पुरेसं नसतं.

पण मजुरीचा हिशेब हा एकच हिशेब नाही. हिंगणघाटला जन्मलेल्या बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ कुष्ठरोग्यांसाठी आनंदवन उभं केलं. तिथे 1950 च्या दशकात सेरेसोलच्याच ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’चे स्वयंसेवक रुग्णालयाच्या बांधकामाला आले. ही संघटना चर्चची नव्हे, पण तिच्या संस्थापकाची प्रेरणा ख्रिस्तीच होती. कुष्ठरोग्यांनी पिकवलेल्या भाजीला तोवर वरोऱ्यात गिऱ्हाईक नव्हतं. परदेशी मुलं तिथेच राहतात, तीच भाजी खातात, हे दिसल्यावर गावाची भीती ओसरू लागली. विटा स्थानिक गवंड्यानंही रचल्या असत्या. ही भीती मात्र गवंड्याच्या थापीनं निघाली नसती. यात आपल्याला टोचणारी गोष्टही आहे. शेजारच्या माणसानं पिकवलेलं खायला आपल्याला गोऱ्या माणसाचा दाखला लागला. पण हा दाखला कुठे वापरायचा ते आनंदवनानं ठरवलं, पाहुण्यांनी नव्हे.

दुसरा आक्षेप जास्त धारदार आहे आणि त्याचाही धागा वर्ध्यातून जातो. 1954 साली मध्य प्रदेश सरकारनं मिशनऱ्यांच्या कामाच्या चौकशीसाठी भवानीशंकर नियोगी समिती नेमली. वर्धा जिल्हा तेव्हा त्याच राज्यात होता. समितीतले एकमेव ख्रिस्ती सदस्य एस. के. जॉर्ज हे वर्ध्याच्या वाणिज्य महाविद्यालयातले प्राध्यापक. सविनय कायदेभंगाच्या बाजूनं उभे राहिल्यामुळे कलकत्त्याचं बिशप्स कॉलेज सोडावं लागलेला हा माणूस. शाळा, दवाखाने यांचा उपयोग धर्मांतरासाठी होतो, असा निष्कर्ष समितीनं 1956 मध्ये काढला. चर्चनं तो एकतर्फी ठरवला आणि आदिवासी भागात गुरुजी आणि डॉक्टर पोहोचवणारी माणसं त्यात सरसकट आरोपी झाली, ही तक्रार मलाही रास्त वाटते. तरी अहवालावरची जॉर्ज यांची सही विसरता येत नाही. भुकेल्या किंवा आजारी माणसापुढे ठेवलेली श्रद्धा त्याला मोकळेपणानं नाकारता येत नाही, हे कळायला चर्चचा द्वेष करावा लागत नाही.

यावर श्रद्धाळू माणूस विचारेल, साक्ष देणं हा माझ्या धर्माचा गाभा आहे. तो घरी ठेवून मी येऊ कसा? प्रश्न खरा आहे. राज्यघटनेच्या 25 व्या कलमात प्रसाराचा हक्क आहेच. 1977 च्या स्टॅनिस्लॉस निकालात सर्वोच्च न्यायालयानं एवढंच सांगितलं की त्यात दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क येत नाही. साक्ष द्यायला कुमारप्पांना कुणी अडवलं नाही. मात्र त्यांच्या घाण्यावरचं तेल घ्यायला कुणाला आधी प्रार्थना म्हणावी लागत नव्हती.

एक उलटी कसोटी लावून पाहावी. आर्वी किंवा देवळीच्या वीस मुलांचा गट युरोपातल्या एखाद्या गावात पंधरा दिवस शाळेची भिंत रंगवायला गेला, तर ते गाव काय म्हणेल? बहुधा विचारेल, तुम्हाला बोलावलं कुणी? फ्रान्समधल्या तेझे इथल्या ख्रिस्ती मठात मात्र जगभरच्या तरुणांना दारं उघडी असतात. तिथे सकाळी प्रार्थना होते आणि नंतर ताटं विसळण्याची पाळी लागते. त्याला कुणी फ्रान्सचा उद्धार म्हणत नाही. विदर्भात येणाऱ्या गटांनीही तेवढ्याच अपेक्षेनं यावं. भारत सरकारनं तशी सोय केलेलीच आहे: मिशनरी व्हिसा वेगळा, आणि महिनाभरापर्यंतचं बिनपगारी स्वयंसेवी काम पर्यटकांच्या ई-व्हिसात.